घरपट्टीला मतदारांनी घातलेली मर्यादा : कॅलिफोर्नियातील प्रस्ताव क्रमांक 13 व त्याचे परिणाम

गावच्या रस्त्यावर दिवा लागतो, नळाला पाणी येते, पावसाळ्यापूर्वी शाळेचे छप्पर शाकारले जाते. ह्या नित्याच्या गोष्टींमागे कोणीतरी भरलेला कर असतो. तरीही कर कोणालाच प्रिय नसतो, आणि सर्व करांमध्ये घरपट्टी ही अधिकच अप्रिय असते. प्राप्तिकर उत्पन्न झाले तरच द्यावा लागतो. वस्तूंवरील कर वस्तू घेताना किमतीतच मिसळून जातो. घरपट्टीचे तसे नाही. घराने मालकाला एक पैसाही मिळवून दिलेला नसला तरी तिचे देयक दारात येते, आणि ते एकरकमी भरावे लागते. घराची किंमत वाढली म्हणून कर वाढला, तर घरमालक साहजिकच विचारतो की, घर विकले नाही, मग वाढलेल्या किमतीचा पैसा आपल्या हाती आला कोठे?

हाच प्रश्न अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मतदारांनी 1978 साली विचारला, आणि त्याचे उत्तरही स्वतःच देऊन टाकले. त्यांनी मतपेटीद्वारे राज्यघटनेत दुरुस्ती करून मालमत्ता कराला कायमची मर्यादा घातली. ही दुरुस्ती 'प्रस्ताव क्रमांक 13' ह्या नावाने ओळखली जाते. तिने असंख्य कुटुंबांना दिलासा दिला, तसेच शाळा, ग्रंथालये आणि नगरपालिका ह्यांच्यापुढे नवे प्रश्नही उभे केले. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कारभाराशी ज्यांचा संबंध येतो अशा सर्वांना हा प्रयोग विचार करावयास लावणारा आहे.

प्रस्तावापूर्वीची परिस्थिती

अमेरिकेत मालमत्ता कर हा प्रामुख्याने स्थानिक संस्थांचा कर आहे. परगणे, नगरे, शाळा-मंडळे आणि पाणीपुरवठा वा अग्निशमन ह्यांसारख्या कामांसाठी नेमलेली विशेष मंडळे ह्या कराच्या उत्पन्नावर चालत आली आहेत. 1978 पूर्वी कॅलिफोर्नियात ह्यांपैकी प्रत्येक संस्था आपला दर आपणच ठरवीत असे. एकाच घरावर निरनिराळ्या संस्थांचे दर एकत्रित होऊन पडत, आणि ही बेरीज सरासरीने घराच्या बाजारमूल्याच्या सुमारे 2.67 टक्के होत असे.

दुसरी बाब आकारणीची. निवडून आलेले आकारणी अधिकारी घरांचे मूल्य ठरवीत. पूर्वी घरांचे मूल्य कमी व व्यापारी मालमत्तेचे अधिक धरण्याची चाल अनेक ठिकाणी होती. त्यातून पक्षपात आणि लाचलुचपतीची प्रकरणेही उद्भवली. 1965 साली सॅन फ्रान्सिस्को येथे असे एक प्रकरण उघडकीस आल्यावर 1966 साली विधिमंडळाने कायदा केला, आणि सर्व मालमत्तेचे मूल्य बाजारभावाच्या एकाच ठराविक प्रमाणात, म्हणजे 25 टक्के, धरावे असे ठरविले. सुधारणा न्याय्य होती, परंतु तिचा एक परिणाम फारसा कोणी जोखला नव्हता. अनियमितपणाबरोबर घरमालकांना मिळणारी अनौपचारिक सवलतही संपुष्टात आली. आता बाजारभाव चढला की आकारणी आपोआप चढू लागली.

आणि बाजारभाव चढले ते झपाट्याने. 1970 ते 1980 ह्या दशकात कॅलिफोर्नियात घरांच्या किमती वेगाने वाढल्या. समजा, एखाद्या निवृत्त शिक्षकाचे घर 40,000 डॉलर किमतीचे होते. 2.67 टक्क्यांच्या हिशेबाने त्यावर वर्षाला 1,068 डॉलर कर बसे. काही वर्षांत त्याच घराची किंमत 80,000 डॉलर झाली, तर दर तोच राहूनही कर 2,136 डॉलर होई. निवृत्तिवेतन मात्र दुप्पट होत नसे. आयुष्यभर हप्ते भरून जे घर आपले झाले, ते केवळ करापायी विकावे लागणार, ही धास्ती वृद्धांच्या मनात घर करून बसली.

ह्याच काळात राज्य शासनाच्या तिजोरीत कित्येक अब्ज डॉलरची शिल्लक साठत होती. एकीकडे घरमालकांची ओढाताण आणि दुसरीकडे भरलेली तिजोरी, हा विरोध लोकांच्या डोळ्यांत सलू लागला. विधिमंडळात करसवलतीची चर्चा झाली, परंतु निर्णय वेळेवर झाला नाही.

6 जून 1978 चे मतदान

कॅलिफोर्नियात 1911 पासून मतदारांना थेट कायदा करण्याचा अधिकार आहे. ठरावीक संख्येने सह्या गोळा झाल्या की कोणताही नागरिक आपला प्रस्ताव मतदानास आणू शकतो. घटनादुरुस्तीसाठी गव्हर्नरच्या मागील निवडणुकीत पडलेल्या मतांच्या 8 टक्के इतक्या सह्या लागतात. ह्या अधिकाराचा आधार घेऊन हॉवर्ड जार्विस व पॉल गॅन ह्या दोघांनी मालमत्ता कर मर्यादित करण्याचा प्रस्ताव पुढे आणला. आवश्यकतेपेक्षा कितीतरी अधिक, म्हणजे बारा लाखांहून जास्त सह्या जमल्या. तत्पूर्वी 1968 व 1972 साली अशाच स्वरूपाचे प्रस्ताव मतदारांनी नाकारले होते. परंतु आता वारे फिरले होते.

गव्हर्नर जेरी ब्राउन ह्यांनी ह्या प्रस्तावाला विरोध केला. विधिमंडळाने घाईघाईने एक सौम्य पर्याय त्याच मतदानात ठेवला. मतदानाच्या आदल्या महिन्यात लॉस एंजेलिस परगण्यातील नव्या आकारणीचे आकडे लोकांसमोर आले आणि असंतोषात तेल ओतले गेले. 6 जून 1978 रोजी जवळजवळ दोन तृतीयांश मतदारांनी प्रस्ताव क्रमांक 13 च्या बाजूने कौल दिला. विधिमंडळाचा पर्याय फेटाळला गेला.

प्रस्तावातील प्रमुख तरतुदी

ह्या दुरुस्तीचे स्वरूप पुढील मुद्द्यांवरून स्पष्ट होईल.

एक : मालमत्ता कराचा सर्वसाधारण दर मूल्याच्या 1 टक्क्यापेक्षा अधिक असता कामा नये. मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जाच्या फेडीसाठी लागणारा कर तेवढा ह्यातून वगळला.

दोन : मालमत्तेचे मूल्य 1975-76 च्या पातळीवर मागे नेण्यात आले. त्यानंतर महागाई कितीही वाढो, हे मूल्य वर्षाला 2 टक्क्यांहून अधिक वाढविता येणार नाही.

तीन : मालमत्ता विकली गेली वा नवे बांधकाम झाले, तरच नव्या बाजारभावाने आकारणी व्हावी.

चार : राज्याचा कोणताही कर वाढवावयाचा असेल तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत हवे. स्थानिक संस्थांना एखाद्या खास कामासाठी कर बसवावयाचा असेल तर दोन तृतीयांश मतदारांची संमती हवी.

ह्यांपैकी पहिली तरतूद मतदारांना सहज कळण्यासारखी होती. पुढील काळात दूरगामी ठरल्या त्या मात्र तिसरी व चौथी.

तात्काळ परिणाम

घरमालकांना मिळालेला दिलासा खरा होता आणि तो लगेच मिळाला. मालमत्ता कराचे उत्पन्न एका वर्षात निम्म्याहून अधिक घटले. इतकी मोठी तूट आल्यावर स्थानिक संस्था कोलमडून पडतील असे भाकीत होते. ते पूर्णतः खरे ठरले नाही, कारण राज्याची शिल्लक मदतीला धावली. ज्या गव्हर्नरांनी प्रस्तावाला विरोध केला होता, त्यांनीच लोकांचा कौल मानून त्याची अंमलबजावणी हाती घेतली, आणि विधिमंडळाने स्थानिक संस्थांना साह्य दिले.

तरी झळ बसलीच. अनेक ठिकाणी शाळांचे उन्हाळी वर्ग बंद झाले, ग्रंथालये उघडी राहण्याचे तास कमी झाले, उद्यानांची निगा मागे पडली. पूर्वी विनामूल्य मिळणाऱ्या सेवांसाठी शुल्क आकारले जाऊ लागले. शिल्लक ही शिल्लकच असते, ती दरवर्षीचे उत्पन्न नव्हे. काही वर्षांत ती आटली आणि तूट भरून काढण्याचा प्रश्न कायमचा होऊन बसला.

घरे शेजारी, कर निराळे

प्रस्तावाचा सर्वांत विलक्षण परिणाम कालांतराने दिसू लागला. समजा, एकाच गल्लीत सारख्या बांधणीची दोन घरे आहेत. पहिल्या घराचे मूल्य 1975 साली 50,000 डॉलर होते आणि ते त्याच मालकाकडे राहिले. दरवर्षी 2 टक्के ह्या कमाल दराने वाढूनही 2025 साली त्याचे करपात्र मूल्य सुमारे 1 लक्ष 34 हजार डॉलर होईल, आणि 1 टक्क्याने कर सुमारे 1,346 डॉलर. दुसरे घर एका तरुण जोडप्याने 2025 साली बाजारभावाने 10 लक्ष डॉलरला घेतले. त्यांचा कर 10,000 डॉलर. रस्ता तोच, दिवे तेच, शाळा तीच, परंतु एक कुटुंब दुसऱ्याच्या सातपटीहून अधिक कर भरते. कॅलिफोर्नियात मराठी कुटुंबेही मोठ्या संख्येने स्थायिक झाली आहेत. त्यांच्यातही जुन्या काळी घर घेतलेले आणि अलीकडे घेतलेले ह्यांच्यात हाच फरक पडतो.

हा भेद घटनेतील समानतेच्या तत्त्वास धरून आहे काय, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. लॉस एंजेलिस येथील एका महिलेने 1988 साली घर विकत घेतले होते, आणि तिला तशाच घरांच्या जुन्या मालकांपेक्षा सुमारे पाचपट कर पडत होता. 1992 साली न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने प्रस्ताव वैध ठरविला. वस्तीचे स्थैर्य जपणे हा राज्याचा रास्त हेतू असू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. शिवाय नवा खरेदीदार घर घेण्यापूर्वी कराची रक्कम जाणतो आणि परवडत नसल्यास ते न घेण्यास मोकळा असतो. जुन्या मालकाला मात्र अनपेक्षित वाढीपासून अशी सुटका नसते. हा युक्तिवाद बिनतोड नसला तरी विचारात घेण्याजोगा आहे. ज्याने घर घेतले त्याला पुढील कर किती येईल हे आधीच कळते, ही निश्चिती हाच ह्या पद्धतीचा मोठा गुण होय.

तथापि निश्चितीची किंमतही मोजावी लागते. मुले दूर गेल्यावर मोठे घर विकून लहान घर घ्यावे असे वाटणारी वृद्ध मंडळी जुन्या कराच्या मोहाने तेथेच राहतात. तरुणांना बाजारात घरे मिळण्यास त्यामुळे आणखी अडचण होते. नव्या वसाहतींवर विशेष कर व विकास शुल्के बसविली जातात, म्हणजे तो भारही पुन्हा नव्यानेच येणाऱ्यांवर पडतो. व्यापारी व औद्योगिक मालमत्तेलाही हीच मर्यादा लागू आहे. घर केव्हातरी विकले जाते, परंतु मोठ्या कंपनीची इमारत वा जमीन दशकानुदशके एकाच नावावर राहू शकते. वृद्ध विधवेला वाचविण्यासाठी उघडलेल्या छत्रीखाली अशा रीतीने मोठे व्यवसायही येऊन उभे राहिले.

निर्णयाचे स्थान बदलले

पैशाबरोबर अधिकारही हलला. पूर्वी शाळा-मंडळ आपला दर आपण ठरवी, आणि अधिक चांगली शाळा हवी असेल तर गाव अधिक कर स्वीकारी. आता 1 टक्क्याचा एकत्रित कर परगणा गोळा करतो, आणि त्याची वाटणी राज्याच्या कायद्याने होते. 1992 व 1993 साली राज्याची आर्थिक स्थिती बिघडली, तेव्हा राज्याने नगरे व परगणे ह्यांच्या वाट्यातील काही भाग शाळांकडे वळविला आणि शाळांवरील आपला खर्च हलका केला. स्थानिक संस्थांना ते निमूटपणे पाहावे लागले.

शाळांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. श्रीमंत वस्तीतील शाळेला अधिक पैसा आणि गरीब वस्तीतील शाळेला कमी, ही विषमता अवैध असल्याचा निर्णय कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1971 व 1976 साली दिला होता. म्हणजे शाळांचा खर्च राज्याकडे सरकण्याची प्रक्रिया प्रस्तावापूर्वीच सुरू झाली होती. प्रस्तावाने तिला वेग दिला. शाळांमधील दरडोई खर्चात समानता वाढली, परंतु राष्ट्रीय सरासरीच्या तुलनेत हा खर्च पुढील वर्षांत मागे पडत गेला. अखेरीस 1988 साली मतदारांनीच आणखी एक प्रस्ताव संमत करून शाळांना किमान निधीची हमी दिली.

राज्याची भिस्त प्राप्तिकर व विक्रीकर ह्यांवर वाढली. हे कर तेजीत फुगतात आणि मंदीत आक्रसतात. मालमत्ता कर त्या मानाने स्थिर असतो. स्थिर उत्पन्नाला कात्री लागल्याने एकंदर अर्थव्यवस्थेचे हेलकावे शाळांपर्यंत पोहोचू लागले. नगरपालिकांनाही घरांपेक्षा दुकाने व मोठे बाजार अधिक प्रिय वाटू लागले, कारण विक्रीकरातील हिस्सा त्यांना मिळतो.

मॅसॅच्युसेट्स : एक निराळी वाट

कॅलिफोर्नियाच्या पाठोपाठ अनेक राज्यांत अशा मर्यादा आल्या. त्यांपैकी मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी नोव्हेंबर 1980 मध्ये संमत केलेला 'प्रस्ताव अडीच' हा तुलनेसाठी उपयुक्त आहे. तेथे मर्यादा एकेका घरावर घातली नसून नगराच्या एकूण कर-उत्पन्नावर घातली आहे. हे उत्पन्न नगरातील सर्व करपात्र मालमत्तेच्या मूल्याच्या अडीच टक्क्यांहून अधिक नसावे, आणि नवीन बांधकामापासून होणारी भर सोडल्यास वर्षाला अडीच टक्क्यांहून अधिक वाढू नये, असा हा नियम आहे. आकारणी मात्र सर्वांची बाजारभावानेच होते. त्यामुळे सारख्या घरांना सारखा कर पडतो.

आणखी एक महत्त्वाचा भेद असा की, तेथील नगराला अधिक पैसा हवा असल्यास साध्या बहुमताने मतदार ही मर्यादा ओलांडण्यास संमती देऊ शकतात. शाळेसाठी वा अग्निशामक बंबासाठी किती रक्कम हवी हे नागरिकांपुढे मांडावे लागते, आणि नागरिक हो वा नाही म्हणतात. ह्या पद्धतीतही दोष आहेतच. आरंभी बोस्टनसारख्या जुन्या शहरांना मोठी काटछाट करावी लागली, आणि सधन नगरे जितक्या सहजतेने अशी संमती देतात तितकी निर्धन नगरे देऊ शकत नाहीत. तरीही मर्यादा आणि तीतून बाहेर पडण्याची वाट ह्या दोन्ही गोष्टी गावाच्याच हाती राहिल्या.

पुढील फेरबदल

प्रस्ताव क्रमांक 13 चा गाभा आजही कायम आहे. त्याच्या कडांवर मात्र फेरबदल झाले. 1986 साली आईवडिलांचे घर मुलांकडे जाताना जुनेच मूल्य पुढे चालू ठेवण्याची सवलत मतदारांनी दिली. नोव्हेंबर 2020 मध्ये ती आखडती घेण्यात आली. आता मुलांनी त्या घरात स्वतः वास्तव्य केले तरच, आणि तेही मर्यादित प्रमाणात, सवलत मिळते. त्याच वेळी 55 वर्षांवरील घरमालकांना जुन्या मूल्याचा लाभ राज्यात अन्यत्र घर घेताना बरोबर नेण्याची अधिक मुभा मिळाली. मोठ्या व्यापारी मालमत्तेची आकारणी बाजारभावाने करावी असा दुसरा एक प्रस्ताव त्याच मतदानात होता. तो सुमारे 48 विरुद्ध 52 टक्के अशा थोड्या फरकाने नामंजूर झाला.

आपल्या दृष्टीने विचार

भारतात मतदारांनी थेट मतदानाने कर ठरविण्याची पद्धत नाही. पंचायतींना कर बसविण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाच्या कायद्याने मिळतो. 1993 साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तशी तरतूद केली असून, राज्य व पंचायती ह्यांच्यातील उत्पन्नाच्या वाटणीबाबत शिफारस करण्यासाठी दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याचेही बंधन घातले आहे. तरीही कराला घातलेल्या मर्यादेचे परिणाम आपल्याला अपरिचित नाहीत. व्यवसाय कराची कमाल रक्कम आपल्या राज्यघटनेतच नमूद आहे. ती वर्षाला 250 रुपये होती, आणि 1988 सालच्या साठाव्या दुरुस्तीने 2,500 रुपये करण्यात आली. आकडा एकदा घटनेत कोरला गेला की महागाई त्याची वाट पाहत थांबत नाही.

मुंबई शहराचे उदाहरण तर कॅलिफोर्नियाशी अधिक जुळणारे आहे. तेथे मालमत्ता कर पूर्वी भाडेमूल्यावर आकारला जाई. भाडे नियंत्रणाच्या कायद्याने जुन्या इमारतींची भाडी गोठली, त्यांबरोबर त्यांचा करही गोठला आणि नव्या इमारतींवरील भार तुलनेने वाढला. 2010 पासून तेथे भांडवली मूल्यावर आधारित आकारणी स्वीकारण्यात आली. कायदे निराळे, देश निराळा, परंतु मूल्य जुन्या काळात गोठविले की शेजाऱ्याशेजाऱ्यांत विषमता वाढते, हा अनुभव एकच.

कॅलिफोर्नियातील घटनाक्रमात दोन्ही बाजूंना शिकण्यासारखे आहे. शासनाने व स्थानिक संस्थांनी ध्यानात घ्यावयाचे ते हे की, कराची आकारणी कितीही नियमास धरून असली तरी ती भरणाऱ्याच्या ऐपतीकडे पाठ फिरवून चालत नाही. तिजोरीत शिल्लक असताना वृद्धांची गाऱ्हाणी वर्षानुवर्षे ऐकली न गेल्याने लोकांनी हाती कुऱ्हाड घेतली. वेळीच फांद्या छाटल्या असत्या, तर बुंध्यावर घाव घालण्याची वेळ कदाचित आली नसती. नागरिकांनी ध्यानात घ्यावयाचे ते हे की, कर कमी केल्याने खर्च नाहीसा होत नाही. तो शुल्काच्या रूपाने येतो, दुसऱ्या कराच्या रूपाने येतो, वा पुढच्या पिढीच्या माथी बसतो. आणि गावाने पैशाची जबाबदारी वर सोपविली की निर्णयही वरच होऊ लागतात.

ग्रामसभेत अंदाजपत्रक वाचले जाते, तेव्हा घरपट्टीची रक्कम किती जमली, किती थकली आणि ती कोणत्या कामी लागली, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक ग्रामस्थास आहे. आकारणी जुनी झाली असेल तर ती कोणाच्या लाभाची व कोणाच्या तोट्याची, हेही तेथे विचारता येते. निराधार वृद्धास सवलत हवी असेल तर ती नेमकी त्यालाच मिळेल अशी कशी द्यावी, ह्याची चर्चाही तेथेच होणे योग्य. हे प्रश्न दरवर्षी शांतपणे विचारले गेले आणि त्यांची उत्तरे आकड्यांनिशी दिली गेली, तर घरपट्टी प्रिय होणार नाही कदाचित, पण ती कशासाठी भरावयाची हे भरणाऱ्यास कळलेले असेल.